केळीतली काकडी

एकोणीस ऑगस्ट. दुपारी तीनच्या सुमाराला मी जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन कापून बियांच्या पुड्या बांधत होते. मेथी आणि मुळा. एका पुडीत किती बी घालायचं यावरून आधीच्या वेळी गोंधळ झाला होता, कारण चिमूट प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून या वेळी चहाचा चमचा घेतला होता आणि सपाट एक चमचा असा नियम करून टाकला होता. पुड्या तालुक्याला जायच्या, तिथून केंद्रशाळांवर, तिथून मुलांच्या घरी. महिनाअखेरच्या कार्यशाळेत मुलांनी त्या फोनसमोर बसून उघडायच्या होत्या.

कोरोनामुळे शाळा बंद असण्याचं ते दुसरं वर्ष. मी साक्री तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. सासरही त्याच भागात, पिंपळनेरच्या अलीकडे. एका संस्थेने धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना मोबाईलवरून शेती शिकवायची असं ठरवलं आणि शिकवायला मला घेतलं. का घेतलं ते संस्थेच्या समन्वयकाने सांगितलं होतं.

"मॅडम, तुम्ही शिक्षिकाही आहात आणि शेतकरी कुटुंबातल्याही. आम्हाला एकात दोन मिळाले."

मी हसले. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. शेतकऱ्याच्या घरात राहून शेती येत असती, तर दवाखान्याच्या शेजाऱ्यांनी ऑपरेशनं केली असती. आमच्या घरची शेती माझी मोठी जाऊ करते. मी शाळेतून आल्यावर फार तर कांदे निवडू लागते. पण कार्यशाळेसाठी वावर तिचंच वापरायचे. टिकाव जमिनीत रोवायचा, त्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबने फोन बांधायचा आणि समोर उभं राहून बोलायचं. जाऊ लांबून तण निंदता निंदता ऐकायची आणि येता-जाता टोमणा मारून जायची.

"तू मोबाईलमा शेती करस, आम्ही वावरमा करतस. पीक कोनं जास्त येस ते दखू."

मुलं चाळीस-पन्नास असायची. पडद्यावर चौकोन, चौकोनात कपाळं, कारण फोन कसा धरायचा ते घरात कोणालाच माहीत नसायचं. कोणाच्या मागे मिक्सर, कोणाच्या मागे भांडण. एकदा मूग भिजवून कोंब आणायला सांगितले होते. एक पोरगा ओरडला, "मॅडम, मन्हा कोंब उना!"

"दाखव बरं."

"बकरीनी खाई टाकं."

सगळे हसले, मीही हसले. संस्थेने त्या हसण्याचा फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर टाकला. माझ्या स्वतःच्या शाळेतली निम्मी मुलं मात्र त्या चौकोनांत नव्हती. ती प्रत्यक्ष वावरात होती, आईबापाबरोबर खत टाकत. ज्यांना शेती येत होती त्यांच्याकडे फोन नव्हता आणि ज्यांच्याकडे फोन होता त्यांना मी शेती शिकवत होते.

तर त्या दुपारी पुड्या बांधत असताना फोन आला. यावल तालुक्यातल्या एका गावच्या शाळेतले गुरुजी बोलत होते. त्यांची चौथीची मुलं माझ्या कार्यशाळेत असायची. माणूस सरळ, पाल्हाळ न लावणारा.

"ताई, एक अडचण झालीय. आमच्या वर्गातली एक मुलगी आहे, दोन वेण्यांची, प्रश्न फार विचारते ती. आठवते?"

आठवत होती. पन्नास चौकोनांत नीट बसलेला तिचाच एक चेहरा असायचा, गळ्यापासून कपाळापर्यंत.

"तिच्या वडिलांच्या केळीत हरण्या आलाय."

हरण्या म्हणजे काय ते मला विचारावं लागलं. गुरुजींनी सांगितलं. केळीचा विषाणू रोग. पानावर पिवळे पट्टे उठतात, मधला पोंगा, म्हणजे न उलगडलेलं पान, सडतो, औषध नाही. झाड उपटून पुरून टाकणं एवढाच उपाय. कृषी सहायक येऊन गेले होते. त्यांनी बागेच्या कोपऱ्यात, केळीच्या रोपांमध्ये, काकडीचे दोन वेल दाखवले. काकडीवर माव्याची कीड पडते आणि तीच हा रोग केळीवर घेऊन जाते. त्या भागात केळीच्या बागेत काकडी, गिलके, डांगर असलं काहीही लावत नाहीत.

"हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, ताई. घरी विचारलं, कोणी लावली? मुलगी म्हणाली, मी लावली, मॅडमनी सांगितलं होतं. घरचे म्हणतात, खोटं बोलते. कुठलीच मॅडम केळीत काकडी लावायला सांगणार नाही. आठ दिवस झाले, तिला फोनला हात लावू देत नाहीत. म्हणजे तिची शाळाच बंद. मी आत्ता त्यांच्या अंगणात उभा आहे. तुम्ही तिच्या वडिलांशी दोन शब्द बोलता का?"

जूनच्या शेवटच्या आठवड्यातली ती कार्यशाळा मला लख्ख आठवली. विषय वेलभाज्या. मी बांधावर उभी राहून दाखवत होते की आम्ही बाजरीच्या आणि मक्याच्या कडेने बांधावर गिलके, काकडी कशी टोचतो. काकडीच्या पुड्या मुलांना आधीच पोचल्या होत्या. सगळ्यांनी घरी दोन-दोन बिया लावायच्या होत्या. तेव्हा तिने हात वर केला होता.

"मॅडम, आमच्याकडे बांधावर जागा नाहीये. केळी आहे. केळीत लावू का?"

"लाव की. केळीला खांब असतो, वेल वर चढेल."

"पण आमची केळी अजून एवढीच आहे." तिने गुडघ्यापाशी हात धरून दाखवला. रोपं त्याच महिन्यात लावलेली होती.

"मग खाली पसरेल. काकडीला काय, जागा मिळाली की झालं."

आणि मी पुढच्या मुलाकडे वळले. या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल. तिने घरात काहीतरी ऐकलं असणार, म्हणून तर विचारलं. पन्नास मुलांत तिलाच शंका आली होती. मी ती खोडून काढली, तीही हसत. केळी मी तोवर फक्त गाडीवर टांगलेल्या घडात पाहिली होती. मला माहीत नाही, घरी मोठ्यांना विचार, एवढं म्हणता आलं असतं.

गुरुजींनी फोन स्पीकरवर टाकला. कोंबड्यांचा आवाज आला, मग तिच्या वडिलांचा.

"मॅडम, नमस्कार. मला एकच सांगा. तुम्ही हिला केळीत काकडी लावायला सांगितली होती का?"

आवाजात राग नव्हता. उलट अदब होती. ती अदब ऐकून मी घाबरले असेन. संस्था, गटशिक्षणाधिकारी, वर्तमानपत्रातली बातमी, असं सगळं दोन सेकंदांत डोक्यातून गेलं. मी म्हणाले, "भाऊ, मी सगळ्या मुलांना परसबागेबद्दल सर्वसाधारण माहिती दिली होती."

"म्हणजे केळीत लावा असं नाही ना म्हणाल्या?"

"सर्वसाधारण परसबाग सांगितली होती."

पलीकडे ते तोंड फिरवून कोणालातरी म्हणाले, "आयकलं? आता बोल."

मुलगी तिथेच उभी होती हे मला तेव्हा कळलं. गुरुजींनी "ठीक आहे ताई" म्हणून फोन ठेवला. त्यांच्या 'ठीक आहे'चा अर्थ लावत बसायची गरज नव्हती.

जाऊ ओट्याच्या दुसऱ्या टोकाला भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, तरी तिने विचारलं.

"काय सांगे तो सर?"

मी सांगितलं.

"तू सांगेल व्हतं का, केळीमा लावाले?"

"सांगितलं होतं."

"मंग नही काब्र म्हनी?"

"नाही म्हणाले नाही. सर्वसाधारण म्हणाले."

"सर्वसाधारन म्हंजे?"

मी पुडीला दोरा बांधला.

"म्हंजे नहीच," ती म्हणाली. "पोरले खोटी पाडी तू. मोबाईलमा लायी, आते मोबाईलमाच उपट."

मी तिच्यावर चिडले. तुला काय कळतं यातलं, असंही म्हणाले. तिला यातलं सगळं कळत होतं, म्हणून तर चिडले.

संध्याकाळी समन्वयकाला फोन लावला. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग द्या, म्हटलं. सगळ्या कार्यशाळांचं रेकॉर्डिंग संस्थेकडे असायचं.

"मॅडम, ती कार्यशाळा सध्या लिंकवर नाहीये. थोडी सुधारणा चालू आहे."

"कसली सुधारणा?"

"काही भाग काढावा लागला."

"कुठला भाग?"

"प्रश्नोत्तरांचा."

म्हणजे त्याला माझ्याआधी माहीत होतं. गुरुजींनी आठवडाभरापूर्वी आधी संस्थेलाच कळवलं होतं आणि तिकडून उत्तर आलं नाही म्हणून मला फोन केला होता. समन्वयक अतिशय सभ्य मुलगा. कधी आवाज चढवला नाही, कधी 'नमस्ते मॅडम' म्हणायचं चुकला नाही.

"तुम्ही कोणाला लेखी काही देऊ नका, प्लीज. आणि यात सिद्ध काय होणार आहे? आजूबाजूच्या बागांतही तो रोग आहे. त्या सगळ्यांनी काय काकडी लावली होती? पाऊस होता, ढगाळ होतं, रोपांतूनच आला असेल."

हे खोटं नव्हतं, हीच पंचाईत. त्या वर्षी हरण्या बऱ्याच बागांत होता. दोन वेलांमुळेच आला, असं कोणीच छातीठोकपणे सांगू शकलं नसतं.

"केळीचं सिद्ध नाही झालं तरी चालेल," मी म्हणाले. "मुलगी खरं बोलतेय एवढंच सिद्ध करायचंय."

"ते मी समजू शकतो, मॅडम. पण बघा ना, त्या मुलीचा प्रतिसाद माझ्यासमोर आहे. पाचपैकी पाच तारे दिलेत तिने तुम्हाला."

मी फोन ठेवला. नंतर मुलांच्या ग्रुपवर मागे मागे जात राहिले. जुलैच्या मध्यावर मुलांनी आपापल्या वेलांचे फोटो पाठवले होते. त्यात तिचा सापडला. गुडघाभर केळी, मध्ये काकडीचा वेल, दोन पिवळी फुलं. खाली माझं उत्तर: 'शाब्बास! छान वेल.' आणि अंगठा. त्या दिवशी साठेक फोटो आले होते आणि मी भराभर साठ अंगठे दिले होते. मागे केळी आहे हे मी पाहिलं होतं की नाही, मला आठवत नाही. पाहिलं असतं तरी अंगठाच दिला असता.

चौथ्या दिवशी मी निघाले. नवरा म्हणाला, "फोन करून सांग ना, कशाला एवढं लांब?" मी म्हटलं, फोनवर आधीच सांगून झालंय. साक्रीहून धुळे, धुळ्याहून जळगाव, तिथून पुढची गाडी. तोंडाला मास्क, रस्त्याचं काम चालू, सगळीकडे धूळ. फैजपूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना फक्त केळी. सत्तेचाळीस वर्षं वय झाल्यावर मी केळीच्या बागेत पहिल्यांदा पाय ठेवला, तोही केळीत काय लावायचं ते शिकवून झाल्यावर.

गुरुजी मोटारसायकल घेऊन फाट्यावर आले होते. घरी जाण्याआधी त्यांनी मला बाग दाखवली. ठिबकच्या नळ्या, सरळ ओळी आणि मधली जमीन स्वच्छ. शेजारच्या बागा पाहिल्या, त्याही तशाच. कुठेही एक वेल नाही. आमच्याकडे मोकळी जमीन दिसली की बी टोचायचं ही रीत, इथे ती मोकळी ठेवायची ही रीत. दोन-तीन एस.टी.च्या अंतरावर माझं सगळं ज्ञान उलटं झालं होतं. कोपऱ्यातल्या सात-आठ ओळींत रोपांऐवजी खड्डे होते.

"इथे होते वेल?"

"इथेच," गुरुजी म्हणाले. "पुढे अजून उपटावी लागतील. बघायचं."

घरात तिचे वडील आणि आजोबा होते. आजोबांना सगळं गाव आबा म्हणायचं. आई पाणी देऊन आत गेली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पडद्यावर वाटायची त्यापेक्षा लहानखुरी होती. नऊ वर्षांची.

मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. बसल्यावर शब्द गुळगुळीत होतात.

"भाऊ, मी फोनवर तुम्हाला खरं सांगितलं नाही. हिने मला स्पष्ट विचारलं होतं, केळीत लावू का. मी लाव म्हणाले. चूक माझी आहे. ही खोटं बोलली नाही."

वडिलांनी खुर्ची पुढे केली. "बसा मॅडम. चहा घ्या अगोदर. एवढ्या लांबून आल्या."

"तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणाले?"

"ऐकलं. पण फोनवर तुम्ही वेगळं म्हणाल्या होत्या."

"हो. तेव्हा खोटं बोलले."

"तेव्हा, का आता?"

गुरुजी उगाच खोकले. मी काही म्हणायच्या आत वडिलांनीच पुढे सुरू केलं, अगदी समजुतीच्या सुरात. "तुमचा मोठेपणा आहे, मॅडम. पोरीला वाचवायला आल्या. पण कोणती मॅडम केळीत काकडी लावायला सांगेल? तुम्ही सांगा."

"मी सांगितली. मी बाजरीकडची आहे. केळीतलं मला काही माहीत नव्हतं."

आबांनी मान वर केली.

"माहीत नव्हतं, तं शिकवत होते कायले?"

मी फोन काढला, तो जुलैचा फोटो शोधला आणि वडिलांसमोर धरला. "हे बघा. हिने वेल लावून फोटो पाठवला आणि मी शाब्बास म्हणाले. हिने स्वतःच्या मनाने लावला असता तर शाब्बास म्हणाले असते का?"

त्यांनी बघितला. आबांनी हात पुढे केला, तेव्हा वडिलांनी नाइलाजाने फोन त्यांच्याकडे दिला. आबांनी तो लांब धरून नीट पाहिला, मग विचारलं, "हा फोटो कोण्या फोनातून गेला?"

"यांच्याच," मी म्हणाले. मुलगी वडिलांच्या फोनवरच शिकायची.

"कधी?"

"जुलैच्या मध्यावर."

आबांनी मुलाकडे पाहिलं. "म्हंजे महिना झाला. फोटो तुह्या फोनात. वेल तुह्या वावरात. फुलं आली तरी तुले दिसला नाही? वावरात जात होता का रस्त्यावरून पाहून येत होता?"

मला वाटलं, चला, आता होईल. एकदा मोठ्या माणसाने बोट ठेवलं की लहान सुटेल. मी इतकी वर्षं मुलांमध्ये काढली आहेत, मला हे कळायला हवं होतं की घरातल्या मोठ्याचा अपमान झाला की त्याचा हिशेब पाहुणे गेल्यावर लहानाशी होतो. मला कळलं नाही. तिला कळलं.

"आबा, मीच लावलं," ती दारातून म्हणाली. "माझ्या मनानं लावलं. मॅडमनी नाही सांगितलं."

पाठ केलेल्या धड्यासारखं, एका दमात. वडिलांचा चेहरा सैल पडला.

"पाहा," ते मला म्हणाले. "परवाच कबूल झाली ती. आम्ही विषय मिटवला. तुम्ही उगाच स्वतःवर घेता."

आबा माझ्या हातात फोन देऊन उठले आणि बाहेर गेले. चहा आला. चहा चांगला होता, भरपूर दुधाचा. वडिलांनी साक्रीकडे पाऊस कसा आहे ते विचारलं, मी सांगितलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत खरं बोलणं मी तिथे बोलून दाखवलं होतं आणि ते पाहुणीचा मनमिळाऊपणा म्हणून जमा झालं होतं.

निघताना तिच्या आईने कुंकू लावलं आणि पिशवीत शेजारच्या बागेतून आणलेल्या केळ्यांची एक फणी घातली. ती फणी नाकारायला हवी होती, पण कुंकू लावून दिलेलं परत करत नाहीत. मुलगी पिशवी घेऊन माझ्याबरोबर अंगणाच्या टोकापर्यंत आली. गुरुजी मोटारसायकल वळवत होते.

"मॅडम, आता परत नका सांगू," ती हळू म्हणाली.

"का?"

"पप्पांनी परवा फोन दिला. मी म्हटलं माझ्या मनानं लावलं, मंग दिला. आता तुम्ही तो फोटो दाखवला. ते चिडतील."

"पण तू खरं बोलत होतीस."

"हो. पण तुम्ही नाही म्हटलं न."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. वजाबाकीत हातचा कसा घेतला ते सांगावं तसं ती सांगत होती. माझ्या एका वाक्याने तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: खरं बोलून फोन जातो, खोटं बोलून परत मिळतो. हे कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं आणि ती ते पहिल्या वेळीच शिकली.

मी म्हणाले, "माझं चुकलं." नऊ वर्षांच्या मुलीला याचं काय करायचं ते माहीत नव्हतं. तिने पिशवी माझ्या हातात दिली.

"उद्या तास आहे न?"

"आहे. दहा वाजता."

"फोन असला तं येईन."

फाट्यावर उतरताना गुरुजी म्हणाले, "ताई, तुम्ही आलात ते बरं केलंत." माझी समजूत घालायला म्हणाले. मी त्यांना विचारलं, "तिला मारतात का?" ते म्हणाले, "नाही, नाही. मारत नाहीत. बोलत नाहीत नुसते." मग म्हणाले, "मी नजर ठेवीन." एवढंच त्यांच्या हातात होतं. माझ्या हातात त्याहून कमी. गाडी आली तेव्हा मी चढले.

त्या दिवशी परत साक्री गाठणं शक्य नव्हतं, म्हणून जळगावला मावसबहिणीकडे थांबले. तिने फणी पाहिली आणि खूश झाली. "वा, यावलची दिसतात. कोणी दिली?" मी म्हटलं, एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. "बघ," ती म्हणाली, "शिक्षकाला अजून मान आहे खेड्यात." मी केळं खाल्लं नाही. पोट बिघडलंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून दहा वाजता मी कार्यशाळा सुरू केली. विषय होता गांडुळं. चौकोन भरत गेले, कपाळं दिसू लागली. दहा वाजून सात मिनिटांनी एक चौकोन आला, चेहरा नसलेला, वर त्या मुलीच्या वडिलांचं नाव. त्या फोनवर कोण बसलं होतं हे मला दिसत नव्हतं. ती असेल किंवा तिच्या शेजारी वडीलही असतील. समन्वयकही होता, नेहमीसारखा गप्प.

मी ठरवून आले होते की सुरुवातीलाच दोन वाक्यं बोलायची. पहिलं वाक्य: ज्यांच्या घरी केळी आहे त्यांनी बागेत काकडी, गिलके, डांगर, मिरची, टोमॅटो काही लावायचं नाही. त्यावरचा मावा केळीवर रोग नेतो. कोणी लावलं असेल तर आजच घरच्यांना दाखवा. दुसरं वाक्य: जूनमध्ये मीच तुम्हाला लावा म्हणाले होते, ते चूक होतं.

पहिलं बोलले. सावकाश, दोनदा. मग त्या चेहरा नसलेल्या चौकोनाकडे पाहिलं आणि दुसरं गाळलं. तिने सांगितलं होतं म्हणून गाळलं, हे खरं आहे. ते गाळणं मला सोयीचं होतं, हेही खरं आहे, आणि यातलं कुठलं आधी आलं ते मी स्वतःला विचारलेलं नाही.

समन्वयकाने खाली लिहिलं, 'खूप उपयुक्त माहिती, मॅडम.'

धुळ्याकडच्या एका पोराने हात वर केला. "मॅडम, केळीत काकडी लावाले सांगस तरी कोण?"

"ज्यांना केळी माहीत नाही ते," मी म्हणाले, आणि गांडुळाचं चित्र उघडलं.